हंगामामागून हंगाम: कोकणात वर्षानुवर्षं गाणी लिहायची तर

कोकणात गाणी लिहिणाऱ्याला मागणीची वाण नाही. रत्नागिरी-रायगडात गणपती आले की वाडीवाडीतून जाखडी, म्हणजे गाण्यावरचा फेराचा नाच, उभी राहते. सिंधुदुर्गात डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यातले, बुवा नव्या गजराच्या शोधात असतात. शिमग्यात नमन-खेळ्यांना, म्हणजे तिथल्या लोकनाट्याला, नवी गवळण लागते, आणि लालबाग-परळपासून नालासोपारा-विरारपर्यंत पसरलेली गावची मंडळं पाऊस पडायच्या आधीच फोन करू लागतात. सगळ्यांना नवंच हवं असतं. गेल्या वर्षीचा गण (सुरुवातीचं गणेशस्तवन) पुन्हा म्हटला तर सामन्यातला समोरचा शाहीर भर मांडवात शिळ्या भाताची आठवण काढल्याशिवाय सोडत नाही.

म्हणून सुरुवात सोपी जाते. पहिल्या दोन-तीन हंगामांत आयुष्यभर मनात साठलेलं भराभर बाहेर पडतं, लोक पाठ थोपटतात. अडतं ते त्यानंतर. तोच गणपती, तीच राधा, तोच पेंद्या, तेच एसटीतून उतरणारे चाकरमानी, आणि सगळं एकदा लिहून झालेलं. इथे बरेच जण वही मिटतात. काही जण मिटत नाहीत आणि तेच गाणं वीस वर्षं लिहीत राहतात. माझ्या मते ते जास्त वाईट.

मी जाखडी आणि भजनी मंडळांसाठी लिहितो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. कोळीगीतं किंवा नाटकातली पदं लिहिणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल. टिकलेले कवी मी पाहिले आहेत. ते इतरांपेक्षा फार हुशार होते असं मला वाटत नाही, पण सुचण्याची सोय त्यांनी वर्षभर करून ठेवलेली असायची. ती सोय कशी करायची, ते नव्या माणसासाठी क्रमाने सांगतो.

पायरी १: एक प्रकार धरा

जाखडीत गाणारे आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात, पायात चाळ असतात. म्हणजे तुमचा शब्द पावलाला बांधलेला. डबलबारीत बुवा पेटी पुढ्यात घेऊन बसतो. त्याला ओळ लांबवायची, फिरवायची, पखवाजाला जागा द्यायची मोकळीक असते. नमनात पद पात्राच्या तोंडी येतं, त्यामुळे कोण बोलतंय हे आधी ठरवावं लागतं. गण-गवळण असे शब्द इकडेतिकडे सारखेच ऐकू येतात, पण एकीकडचं लिखाण दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही. पहिली काही वर्षं एकाच प्रकारात काढा. शेजारचे प्रकार ऐकत राहा, ते पुढे उपयोगी पडणार आहेत.

आणि ज्या मंडळासाठी लिहिणार त्याच्या तालमीला जाऊन बसा. गाणाऱ्याचा गळा कुठपर्यंत चढतो, झील धरणारे, म्हणजे मागून साथ करणारे, किती, ढोलकीवाला कुठे घाई करतो, हे ठाऊक नसताना घरी बसून लिहिलेलं गाणं कागदावर झकास दिसतं आणि मांडवात आडवं पडतं.

पायरी २: कच्ची वही

दोन वह्या ठेवा. पक्क्या वहीत तयार गाणी, तारखेसकट. कच्च्या वहीत कविता लिहायचीच नाही. तिथे फक्त कानावर आलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं. बाजारात कोळणीने घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर, एसटीत मागच्या सीटवर चाललेलं भावकीचं भांडण, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) तयारीत कोणाकडे काय साठलं, आजी फुगडीला कुठलं गाणं म्हणते आणि त्यातली कुठली ओळ तिला आता आठवत नाही. कोण बोललं, कुठे, कोणत्या महिन्यात, एवढं शेजारी लिहा. महिना महत्त्वाचा. पावसाळ्यातला माणूस आणि वैशाखातला माणूस एकाच गोष्टीबद्दल वेगळं बोलतो, आणि गाण्यात ती चूक ऐकणाऱ्याला लगेच कळते.

बोलणं बोलीतच टिपा. संगमेश्वरी असेल तर संगमेश्वरी, मालवणी असेल तर मालवणी. घरी येऊन ते शुद्ध करून लिहिलंत की त्यातली चाल मरते, आणि गाण्याला हवी असते ती नेमकी तीच. उलट बाजूही सांगतो. जी बोली तुमच्या घरात नाही तिच्यात लिहू नका. मालवणीत 'असा', 'नसा' पेरून मालवणी गाणं होत नाही. सावंतवाडीचा माणूस दुसऱ्या ओळीला हसायला लागतो, आणि विनोदासाठी हसत नसतो.

वस्तू गेल्या की त्यांचे शब्दही मागोमाग जातात. इरलं गेलं, प्लास्टिकचा कागद आला. वीस वर्षांच्या पोराने इरलं पाहिलेलंच नसेल. तरी शब्द टाकू नका. ओळच अशी बांधा की पाठीवर पाऊस झेलणारं ते काहीतरी आहे हे ऐकताना कळावं. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), गडगा (दगडांचं कुंपण), पऱ्या (ओहोळ), मांगर (गोठा किंवा शेतावरचं खोपटं), पागोळी (छपरावरून पडणारी धार) हे शब्द अजून जिवंत आहेत आणि दोन-तीन अक्षरांत चित्र उभं करतात. गाणं लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

फोनवर बोलून ठेवायची सोय आहे, ती वापरा. पण आठवड्यातून एकदा ते उतरवून काढा. न ऐकलेल्या रेकॉर्डिंगचा ढीग म्हणजे वही नव्हे.

पायरी ३: वर्ष वाटून घ्या

बारा महिने लिहायला बसणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तसा बसू नये असंही मला वाटतं. कोकणातलं वर्ष मुळातच वाटलेलं आहे, त्याच्या कलाने घ्या.

चैत्र-वैशाख गोळा करायचे. मे महिन्यात मुंबईकर घरी आलेले असतात, लग्नं, सत्यनारायणाच्या पूजा, रात्रीची भजनं, आंब्या-काजूची धावपळ. माणसं भेटतात आणि बोलतात. तेव्हा कच्ची वही भरा. मृग लागला की पहिले खर्डे. समुद्र बंद असतो (यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते), शेतकरी लावणीत गुंतलेला, ढगांमुळे संध्याकाळ लवकर पडल्यासारखी वाटते. लिहायला याहून बरा काळ नाही. श्रावणात तालीम, दुरुस्त्या आणि पोथी. भाद्रपदात लिहायचं काहीच नाही. मांडवात मागे उभं राहून ऐकायचं, कुठल्या ओळीला लोकांनी मान वर केली आणि कुठे चहाला उठले, हे टिपून ठेवायचं. भात कापून होईपर्यंत सुट्टी. मग जत्रांचे दिवस येतात. दशावतार बघायला जा. लिखित संहितेशिवाय रात्रभर रंगणारं ते बोलणं ऐकून कान साफ होतो. पौष-माघात शिमग्यासाठीचं दुसरं लेखन. शिमग्यानंतर पुन्हा सुट्टी.

म्हणजे लिहायचे हंगाम दोनच. मधल्या सुट्ट्यांत अपराधी वाटून घेऊ नका.

मुदत मात्र हवी, आणि ती मंडळाने देण्याआधी तुम्हीच सांगा. धृपद आषाढी एकादशीपर्यंत, कडवी गटारीच्या आत, असं मी सांगतो. गटारीनंतर कोणाला काही दाखवण्यात अर्थ नसतो, हे वेगळं सांगायला नको. मुदतीने गाणं उथळ होतं असं कोणी म्हणालं तर त्याला ग. दि. माडगूळकरांची आठवण करून द्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. सुचेल तेव्हा लिहीन म्हणायची सोयच नव्हती.

पायरी ४: साचे हातात बसवा

नवे कवी इथे कंटाळतात आणि नेमके इथेच पुढे अडतात. साचा हातात असला की रिकाम्या डोक्यानेही सुरुवात करता येते. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक:

आला भाद्रपद । धुतली पाखाडी ।
वाट पाहे वाडी । लेकरांची ॥

आता हाच मजकूर लहान अभंगात, म्हणजे आठ-आठ अक्षरांत घालून बघा. पहिल्या झटक्यात हाताशी येतं ते असं:

धुतली गं ही पाखाडी । वाट पाही सारी वाडी ॥

अक्षरं बरोबर भरली, पण 'गं ही' ही नुसती भरती आहे आणि ती ऐकू येते. साचा बदलला की जागा बदलते, आणि त्या जागेत शब्द कोंबण्यापेक्षा नवी गोष्ट पाहावी लागते. गणपतीच्या आधी वाडीत काय चालतं? पावसाने पाखाडी धुतली जाते हे अर्धंच खरं. चार महिन्यांचं शेवाळ माणसांनाच काढावं लागतं, नाहीतर मूर्ती आणणारा घसरायचा.

शेवाळलेली पाखाडी । आज घासे सारी वाडी ॥

ओळ मोठी थोर नाही, पण तिच्यात आता माणसं आली, काम आलं. 'वाट पाहे'पेक्षा पुढचं कडवं इथून सहज निघतं: कोण घासतंय, कोण नुसतंच काठी धरून उभं आहे, कोणाची मुलं अजून आली नाहीत. हा सराव मी सगळ्यांना सांगतो. एकच मजकूर तीन साच्यांत लिहायचा, आणि प्रत्येक वेळी भरतीचे शब्द गाळून तिथे काय दिसतंय ते बघायचं. विषय तोच राहून गाणं बदलतं ते असं. दरवर्षी त्याच गणपतीवर लिहिताना याच सवयीवर निभतं.

अभंग, ओवी यांच्यानंतर मात्रांकडे वळा. केरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा. ढोलकीवाल्याला नुसता ठेका धरायला सांगा आणि त्यावर शब्द बोलून बघा, गायची गरज नाही.

पायरी ५: गळ्यावर चढवा

गाणं पूर्ण झाल्यावरच गायकाला दाखवायचं, असं करू नका. धृपद आणि एक कडवं झालं की लगेच द्या. "हे तोंडात बसत नाय ओ" असं तो म्हणाला की वाद न घालता ओळ बदला. त्याला कारण सांगता येत नसलं तरी बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

कारणं साधारण ठरलेली असतात. जिथे सूर लांबवायचा तिथे ओळीच्या शेवटी जोडाक्षर किंवा ऱ्हस्व अक्षर आलं की गळा अडतो. तिथे आ, ई, ओ असे मोकळे स्वर ठेवा. द्रुत लयीत फेर फिरत असताना चार अक्षरांपेक्षा लांब शब्द तुटतो. श्वासाला जागा नसली तर गायक स्वतःच कुठेतरी श्वास घेतो आणि नेमका देवाच्या नावाच्या मधोमध घेतो. धृपद झील धरणारे पुन्हा पुन्हा म्हणणार, तेव्हा ते लाउडस्पीकरच्या खरखरीतून पहिल्या खेपेला कळलं पाहिजे. अवघड कल्पना असेल तर ती कडव्यात न्या.

मुंबईच्या तालमीला जाता येत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर चाल गुणगुणून पाठवता येते, पण नुसता मजकूर कधीच पाठवू नका. लोक मनाने चाल लावतात आणि मग तीच बसते.

पायरी ६: सवाल-जवाबासाठी वाचन

जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला, आणि सगळी चकमक पुराणाच्या आधाराने चालते. इथे वाचन नसलेला कवी दोन हंगामांत उघडा पडतो. श्रावणात गावात पोथी लागते तिथे जाऊन बसा, आणि घरी एका वर्षी एकच ग्रंथ घ्या. श्रीधरांचे तीन ग्रंथ पुरेसे आहेत: हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. वाचताना सवाल निघेल अशी जागा दिसली की अध्याय आणि ओवीचा आकडा वहीत उतरवा. समोरचा भर मैदानात "कुठल्या अध्यायात?" म्हणून विचारणारच, आणि तिथे चाचपडलात तर गाणं कितीही चांगलं असो, बारी गेली.

हल्ली सवालाऐवजी समोरच्याच्या रंगावर, पोटावर, घरच्यांवर घसरायची पद्धत वाढली आहे. शिट्ट्या मिळतात. मला ते आवडत नाही हा भाग वेगळा, पण व्यवहारानेही ते तोट्याचं आहे. अशा गाण्यातून पुढच्या वर्षीसाठी काहीच उरत नाही, तर पोथीतला एक चांगला पेच तीन-चार हंगाम वेगवेगळ्या बाजूंनी वापरता येतो.

उसनी चाल आणि हमखास टाळ्या

गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर गजर बांधायची रीत जुनी आहे आणि मांडवात ती चालते. तालमीपुरती, सरावापुरती चाल जरूर उसनी घ्या. त्या चालीवर शब्द लिहिल्यावर मूळ चाल बाजूला ठेवून मंडळातल्या पेटीवाल्याकडून नवी बांधून घ्या. कायम उसन्या चालीवर लिहिणाऱ्याचं यमकही मूळ गाण्याच्या यमकाच्या आसपास घुटमळत राहतं, हे दहा गाणी शेजारी ठेवून वाचलीत की दिसेल. शिवाय चित्रीकरण यूट्यूबवर चढवलंत की चालीचा मालक हक्क सांगू शकतो.

दुसरा सापळा टाळ्यांचा. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून गणपतीच्या गाडीचं वेटिंग तिकीट गाण्यात आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे तर गणपतीइतकेच नेमाने येतात. खड्ड्यांचं कडवं दरवर्षी टाळ्या घेतं, म्हणूनच ते टाळा. लिहायचंच असेल तर खड्डा सोडून त्या गाडीत बसलेला माणूस धरा: रजा किती मिळाली, पिशवीत काय आहे, घरी कोण उरलंय.

सुचेनासं झालं तर

होतं. सगळ्यांचं होतं. आधी कच्ची वही उघडून बघा. बहुतेक वेळा तीच काही महिने कोरी राहिलेली असते, आणि मग दोष सुचण्याचा नसतो, ऐकणं बंद पडलेलं असतं. त्यावर औषध म्हणजे चार दिवस लोकांत जाऊन बसणं.

वही भरलेली असूनही हात चालत नसेल तर प्रकार बदला. शेजारचे प्रकार ऐकत राहा म्हटलं होतं ते यासाठी. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगांवकर (१९२९-२०१५) साठाहून अधिक वर्षं लिहीत राहिले, आणि त्यांचं लेखन ओळीने पाहिलं तर भावगीतं, मुलांची गाणी, वात्रटिका, उपरोधाच्या कविता, मीरा-कबिराचे अनुवाद, शेक्सपिअरच्या नाटकांचे अनुवाद असा सारखा पालट दिसतो. तुम्हाला शेक्सपिअर नको असेल तर नको. जाखडी लिहिणाऱ्याने एक वर्ष अंगणवाडीच्या मुलांसाठी गाणी लिहावीत, भजनवाल्याने गौरीच्या रात्रीची झिम्मा-फुगडीची गाणी बायकांकडून ऐकून त्यात एक कडवं घालून बघावं. बायकांना पसंत पडलं तर त्या म्हणतील, नाही पडलं तर तोंडावर सांगतील. इतका चोख परीक्षक कुठल्याही स्पर्धेत मिळत नाही.

तेही नाही जमलं तर एखादा हंगाम सोडा. मंडळाला वेळेवर, म्हणजे जूनच्या आत सांगा, आणि तुमच्या ऐवजी लिहू शकेल असं नावही सुचवा. शेवटच्या क्षणी नाही म्हणणाऱ्याला पुढे कोणी विचारत नाही. हाताखाली एखादा शिकाऊ असेल तर त्या वर्षी गण त्याला लिहू द्या. त्याच्या चुका दुरुस्त करताना आपल्याच जुन्या सवयी दिसतात. थोडं बोचतं, पण हात हलायला लागतो.

गाणं कोणाचं, हे लिहून ठेवा

शेवटच्या कडव्यात गुरूचं, कवीचं, गावाचं नाव गुंफायची आपली पद्धत चांगली आहे, पण गायक ते नाव बदलूनही म्हणू शकतो. त्यामुळे कागद हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं लिहिलं गेलं की शब्दांवरचा हक्क आपोआप कवीचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून उपयोगी पडते. चालीचा हक्क चाल बांधणाऱ्याचा, ध्वनिमुद्रणाचा ते करणाऱ्याचा. तिघांची नावं पक्क्या वहीत गाण्याखाली लिहा.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, तोंडी दिलेला हक्क कायद्यात टिकत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॅसेटच्या जमान्यात अनेकांनी एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून दिलं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला कवीचा वाटा त्याला असा सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेलाच देता येतो. १९६९ पासून चालू असलेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी अशी वसुली करते. तुमची गाणी रेकॉर्ड होऊन वाजत असतील तर तिचं सभासदत्व घेण्याचा विचार करा.

कवी गेल्यानंतरही साठ वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. तेव्हा पक्क्या वहीची एक झेरॉक्स घरापासून वेगळ्या जागी ठेवा, पावसाळ्यात कौलं गळतात. आणि कुठलं गाणं कोणत्या मंडळाला, किती वर्षांसाठी दिलं आहे, हे घरातल्या कोणाला तरी माहीत असू द्या.